आईसाहेबांच्या मनगटाची मोहीम

सकळ जाणत्यांनी चित्त स्थिर करोन ऐकावे. गोल्फच्या काठीचा दांडा पोलादी असावा की ग्रेफाइटचा, या मसल्यावर जो रणसंग्राम जाहला, त्याची हकिकत कमीजास्त न करता येथे मांडिली आहे.

आईसाहेब पोलादी दांड्याच्या नामांकित खेळाडू. पुढे बाळराजे जन्मास आले, आणि त्यांस उचलता उचलता आईसाहेबांचे उजवे मनगट फितूर जाहले. ही खबर त्यांनी पतिराजांसही लागू दिली नाही, आणि बाळ कोपरावर तोलण्याची नवी पद्धत जारी केली. मनात धास्ती एकच, की एके दिवशी लेकरू हातून निसटेल.

मग सुट्टीचा दिवस पाहोन पतिराज, बाळराजे, दुधाची बाटली, जादा लंगोट आणि नणंदबाई ऐशा सरंजामानिशी स्वारी नव्या काठीच्या खरेदीस खेळसामानाच्या दुकानी दाखल जाहली. दुकानदाराने मागील सरावाच्या जाळीपाशी नव्या काठ्या हजर करोन अर्ज गुदरला की, ग्रेफाइट हलका, हातास हादरा कमी. तोच नणंदबाई, ज्या स्वतः गोल्फच्या मैदानावरील मातब्बर, वदल्या, "वहिनी, ग्रेफाइट? आत्तापासूनच म्हातारपण का गं?"

हा तीर वर्मी लागला. आईसाहेबांनी पोलाद हाती घेऊन ऐसा तडाखा दिला की जाळी थरारली, चेंडू नामोहरम जाहला, आणि मनगटातून कळ निघोन तिने थेट खांद्यात ठाणे दिले. मुद्रा मात्र तिळभर पालटली नाही. सर्वांस वाटले, फत्ते जाहली.

इतक्यात बाळराजांनी बाबागाडीत आकांत मांडिला. आईसाहेब धावल्या, हात घातला, आणि बाळराजे चार बोटे वर येऊन पुन्हा गादीवर स्थानापन्न जाहले.



"कधीपासून दुखतंय?" पतिराजांनी पुसले.

"कुठे काय, जरासं..."

"जरासं म्हणे!"

मग नणंदबाई बहुत खजील होऊन जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझा पण ग्रेफाइटच आहे गं. वरून पोलादासारखा चंदेरी रंग मारून घेतलाय. कुणाला सांगू नकोस."

तेव्हा आईसाहेबांनी हुकूम फर्माविला की, दांडा ग्रेफाइटचाच बसवावा, आणि रंग आहे तो काळाच ठेवावा. मग दुकानातील ग्रेफाइटच्या काठीने एक फटका मारिला. चेंडू कोठवर गेला असता, हे कोणी पुसले नाही. त्याउपरी त्यांनी बाळराजांस दोन्ही हातांनी उचलले. खालून पतिराजांचा हात होता, आणि तो काढावा ऐसा हुकूम सुटला नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दफ्तरी रुजू केली असे.