जनूमामांची वरातीची गाडी

जनूमामांच्या गाडीला सहा गियर आहेत आणि त्यांतले तीन अजून कोरे आहेत. "पयला चढाला, दुसरा गल्लीला, तिसरा नाक्यापरयंत. बाकीचे पाव्हन्यांसाठी," असं ते सांगतात. कपाटात वरच्या फळीवर काचेचे कप जपून ठेवावेत तसे त्यांनी हे तीन गियर ठेवले आहेत. पाहुणे येतात, जेवून जातात, पण त्यांच्यासाठीसुद्धा चौथा कधी बाहेर निघालेला मी पाहिला नाही. वापरला की झिजतो, हे मामांचं शास्त्र.

आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी मामांचं भाताचं खाचर होतं, त्यामुळे जूचंद्रला राहायला आलेल्या आम्हा सगळ्यांना ते आपल्याच शेतात उगवलेलं पीक समजतात. पीक फारसं चांगलं आलं नाही, हेही तोंडावर सांगतात. मूळ नाव जनार्दन म्हात्रे, पण भाची प्रणाली लहानपणापासून त्यांच्याच घरी वाढली. ती मामा म्हणायची म्हणून गल्ली मामा म्हणू लागली, आणि आता त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही मामा म्हणतात. मामा-मामींना स्वतःचं मूल नाही. प्रणालीचे वडील बोटीवर आणि आई सदा आजारी, म्हणून पोर आजोळी आली ती इथलीच झाली.

आता ही तीन गियरची गाडी करते काय, तर गावातली प्रत्येक वरात. नवी सून कुठल्याही गावाहून, कुठल्याही गाडीतून येवो, शिवेवर तिला नवऱ्यासकट उतरवून मामांच्या गाडीत बसवायचं. पुढे बेंजो, त्यापुढे नाचणारी पोरं, मागून बाया, आणि मधे झेंडूच्या माळांखाली गुदमरलेली मामांची गाडी. शीव ते घर हे अंतर चालत गेलं तर विडी संपायच्या आत संपतं, पण वरातीला तीन-तीन तास लागतात. तेवढा वेळ इंजिन चालू, एसी चालू, मामांचा पाय क्लचवर आणि चेहऱ्यावर स्वतःच्याच मुलाचं लग्न असल्याचा भाव. पैसे विचारणाऱ्याला शिव्या मिळतात.

या सेवेला एकच नियम आहे: "सून आनाची, पोर न्यावाची नाय." गावातली मुलगी सासरी निघाली की मामांची गाडी बंद असते. कधी बॅटरी उतरलेली असते, कधी चावी सापडत नाही. पाठवणीच्या वेळी मामा घरामागे जाऊन शेवग्याला पाणी घालतात. भर पावसातही घालतात.

गेल्या लग्नसराईत गाडीत एक दिवा लागला. मामांनी मला खाली बोलावून घेतलं, कारण गाडीचं पुस्तक इंग्रजीत आणि मी ऑफिसात जाणारा. काट्यांच्या शेजारी एक पिवळं चित्र पेटलं होतं, डबा आणि डब्यात ठिपके. मामांच्या मते ती बुंदी होती. "लग्नाची गारी हाय, बुंदी दिसनारच," म्हणाले आणि त्यावर आणखी दोन वराती काढल्या.

मी पुस्तक वाचून सांगितलं की धुरातली काजळी अडवणारी एक जाळी असते आणि ती तुंबली आहे. मामांना हे पटलं नाही. त्यांनी आधी लिंबू-मिरची बदलली. मग डिझेलवाल्यावर संशय घेऊन पंप बदलला. मग गाडी आतून-बाहेरून धुतली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तसं महिनाभर चाललं. नाक्यावरच्या एका हुशार माणसाने सल्ला दिला, जाळीच कापून काढा, सरळ पाइप जोडा, कटकट मिटेल. मामा त्याच्यावर उखडले. मागून बाया चालतात, कडेवर पोरं असतात, त्यांच्या तोंडात धूर सोडू काय, असं त्याला भर नाक्यात विचारलं.

शेवटी आम्ही कामणला अंतोन मिस्त्रीकडे गेलो. गोदामांच्या रांगेत त्याचं गॅरेज आहे. अंतोनने आधी सेन्सर आणि त्यांच्या नळ्या तपासल्या, त्या ठीक होत्या. मग कॉम्प्युटर जोडला आणि विचारलं, गाडी चालते कुठे? मामांनी अभिमानाने वरातींचं वर्णन केलं. अंतोन ऐकतच राहिला. मग म्हणाला, जाळीतली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्याला जाळी चांगली तापावी लागते, आणि तुम्ही तिला कधी कोमटसुद्धा होऊ दिलेली नाही. हायवेला काढा, चौथ्या-पाचव्यात पाऊण तास पळवा, दिवा विझेपर्यंत थांबू नका.

घरी आल्यावर मामांनी स्वतःचा तोडगा काढला. गाडी अंगणात उभी करून, न्यूट्रलमध्ये, सकाळी सातला अॅक्सिलरेटर दाबून बसले. आंब्यावरचे कावळे उडाले, तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं रडायला लागलं आणि सोसायटीची माणसं दात घासता घासता खाली आली. दिवा तसाच. मग एकदा हायवेच्या तोंडाशी, बापाण्याच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आले. ट्रकवाल्यांना गाडी चालवता येत नाही, एवढाच अहवाल दिला.

पुढे गाडीने जोरच सोडला. अशी गाडी कितीही दाबली तरी पळत नाही. कुणाच्याही लगेच लक्षात आलं असतं, पण मामांना पंधरा दिवस पत्ताच लागला नाही. मला एकदा स्टेशनवर सोडायला आले तेव्हा मला कळलं. पुन्हा कामण गाठलं. अंतोनने कॉम्प्युटर लावून, उभ्या गाडीतच, जाळता आली तेवढी काजळी जाळली, गाडी हलती केली आणि हात जोडले. उरलेली हायवेवर जळली नाही तर जाळी उतरवावी लागेल आणि गाडी महिनाभर इथे पडेल, म्हणाला. आणि त्याच आठवड्यात प्रणालीचं लग्न होतं.

सासर सफाळ्याकडचं. लग्न जूचंद्रला, पाठवणी दुपारी. मामांनी पाठवणीसाठी दुसऱ्याची मोठी गाडी ठरवून ठेवली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागल्या अंगाने प्रणाली अंगणात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा, मला तूच सोडायचं. दुसऱ्या गाडीत मी बसणार नाही."

मामांनी नियम सांगितला. बॅटरीचं निमित्त काढून पाहिलं. दिव्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, दिव्यासाठी हायवेला जायचंच आहे ना, मग मला घेऊन जा. मामा शेवग्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मामा चालवायला, मामांच्या मागे नवरदेव, माझ्या मागे प्रणाली. दिव्यावर लक्ष ठेवायला मी पुढे. निघताना सगळं अंगण रडत होतं, मामा मात्र आरशावरची धूळ पुसत होते. हायवेला लागल्यावर त्यांनी देवाचं नाव घेऊन चौथा टाकला. मग पाचवा. मी आयुष्यात त्यांना इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं. विरार फाटा मागे पडला, खानिवडं गेलं, गाडीतून तापलेल्या लोखंडासारखा वास येऊ लागला. अंतोनने आधीच सांगितलं होतं, वास येईल, घाबरू नका. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विचारलं तर म्हणाले, वासानं झोंबतंय.

सकवारच्या पुढे दिवा विझला. मी मामांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं. माझ्याकडे वळून त्यांनी मान अगदी किंचित हलवली, सांगू नको म्हणून.

वरई फाटा आला. नवरदेव मागून म्हणाला, "मामा, इथून डावीकडे. घरी माप ओलांडायला सगळे थांबलेत."

"दिवा हाय अजून," मामा म्हणाले. "मिस्त्री बोल्लाय, दिवा असताना थांबायचा नाय. मनोरवरून फिरवतू."

नवरदेवाने मला विचारलं. मी पुस्तक वाचलेला माणूस, माझ्या शब्दाला वजन होतं. मी म्हणालो, आहे. बिचारा घरी फोन लावू लागला. फाटा मागे गेला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

तेवढ्यात प्रणाली पुढे झुकली. एरवी कॉलेजातली मराठी बोलणारी ही मुलगी, मामांच्या खांद्यावर मेंदीचा हात ठेवून, फोनवर बोलणाऱ्या नवऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू घरच्या बोलीत म्हणाली, "विजला तो कवाच, मामा. मना इथून दिसतंय. तू चाल अजून थोरा पुढं."

मामांनी डावा हात क्षणभर तिच्या हातावर ठेवला आणि परत स्टिअरिंगवर नेला. मनोर यायला अजून थोडं अंतर होतं.