ज्वालामुखी नक्की लागेल

रविवार, २० एप्रिल २०२५, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. हेंद्रेपाड्यातील आमच्या इमारतीच्या मागे बोअरची गाडी सुरू होऊन जेमतेम पाव तास झाला होता, आणि तळमजल्यावरच्या सुर्वेकाकांनी जमिनीतून उडालेल्या भुकटीची पहिली चिमूट जिभेवर ठेवली होती.

"कचकचतेय," ते समाधानाने म्हणाले. "ताजा खडक."

बदलापूर परिसरात कुठेही बोअर मारला जात असला, की काका तिथे हजर असतात. सोबत घडीची खुर्ची आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. भुकटी दातांखाली कचकचली तर तो लाव्हाचा घट्ट खडक. जिभेला चिकटली तर दोन लाव्हाथरांमधली लाल माती. ही पद्धत किळसवाणी असली तरी चुकीची नाही. मी भूरसायनशास्त्रात एम.एस्सी. केले असल्यामुळे मला हे मान्य करावे लागते.

लोकांचा मात्र समज झाला आहे, की काका पाणाड्या आहेत. चामटोलीत एका घरी त्यांना कुंकू लावून हातात नारळ दिला आणि पाणी कुठे लागेल ते दाखवायची विनंती केली. काकांनी नारळ स्वीकारला, आभार मानले आणि खुर्ची उघडून बसले. योगायोगाने तिथे पाणी लागले. पुढे खरवईतही लागले. तेव्हापासून त्यांना आमंत्रणे येतात. प्रत्येक ठिकाणी ते एकच उत्तर देतात: "पाण्याचं मी सांगत नाही. ज्वालामुखी मात्र नक्की लागेल."

काका अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यात बॉयलरचे प्रमुख होते. लग्न केले नाही. कारण विचारले तर "शिफ्ट" एवढेच सांगतात. निवृत्तीनंतर त्यांनी पृथ्वीचे जुने हवामान अभ्यासाला घेतले आणि रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येऊन ते बाबांना शिकवायला सुरुवात केली. बाबा हिमयुग सुरू होण्यापूर्वीच झोपतात. काका त्यांना न उठवता पुढचा भाग मला सांगतात. मी चुका काढते, आणि त्या काढल्या की ते दुसरा कप मागतात.

त्यांचे आवडते वाक्य आहे, "कारणाशिवाय काही बदलत नाही." इमारतीच्या सभेत सोसायटीच्या कार्यालयात पंख्याऐवजी एसी बसवण्याचा विषय निघाला, तेव्हा सेक्रेटरी भोईरभाऊ म्हणाले, की वेदर तर पहिल्यापासून चेंज होत आलंय, मग आपल्या एका एसीनं कोणाचं घोडं मारलंय? काका उभे राहिले. ज्वालामुखींच्या वायूंनी पृथ्वी तापली. मग पावसाने तोच लाव्हा हळूहळू झिजवला, त्या झिजण्यात हवेतला कार्बन समुद्रात गेला आणि पृथ्वी निवली. खंड सरकले, समुद्राचे प्रवाह वळले. पृथ्वीची कक्षा आणि तिच्या आसाचा कल किंचित बदलत राहिले, तसे बर्फ वाढले आणि वितळले. "प्रत्येक वेळी कारण होतं, आणि बहुतेक वेळा हजारो, लाखो वर्षं लागली," ते म्हणाले. "आताचं कारण मी आहे. आयुष्यभर बॉयलर पेटवलाय मी."

मांडणी ढोबळ होती, पण बिनचूक होती. एसीचा ठराव काकांचे मत वगळता एकमताने मंजूर झाला.

बोअरचा प्रश्न अधिक गंभीर होता. मार्चपासून इमारत टँकरवर जगत होती. बाबांनी काकांसमोरच जाहीर केले होते, की हा बोअर कोरडा गेला तर आम्ही घर विकणार आणि जूनमध्ये उल्हासनगरला माझ्या सख्ख्या काकांशेजारी राहायला जाणार. सुर्वेकाकांनी कप खाली ठेवला आणि माहिती दिली, की उल्हासनगरखालीही हाच खडक आहे. त्या दिवशी त्यांनी दुसरा कप घेतला नाही.

बोअरची खोली मोजून वहीत नोंदण्याचे काम माझ्याकडे होते. एकशे तीस फुटांवर लाल भुकटी उडाली. काका ताडकन उठले. त्यांनी बरणी भरली आणि गाडीवरच्या माणसाला हिंदीत समजावले, की इथे लाव्हा थांबला होता आणि पाऊस पडत होता. त्याने आदराने मान हलवली आणि विचारले, "पानी कब आएगा, दादाजी?"

दोनशे फुटांपर्यंत पाणी आले नाही. ठरल्याप्रमाणे तिथे थांबायचे होते. भोईरभाऊ काकांजवळ आले आणि हळूच म्हणाले, "काका, एकदाच सांगा. मी कोणाला बोलनार नाय. हाय का खाली?"

काकांनी या वेळी भुकटी चाखली नाही. त्यांनी गॅलरीत उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिले.

"आहे. अजून साठ फूट घ्या."

भोईरभाऊंनी लगेच हात वर करून इशारा केला. नवा रॉड जोडेपर्यंत यंत्र बंद होते. मी खुर्चीजवळ गेले.

"कशावरून म्हणालात?"

"कशावरूनच नाही." काका हातावरची भुकटी झटकत होते, हात स्वच्छ झाला तरी झटकत राहिले. "इथे थांबले असते तर जूनमध्ये तुम्ही गेला असता."

"आणि दोनशे साठला कोरडंच निघालं तर?"

"तर अजून चाळीस सांगेन."

यंत्र सुरू झाले. दोनशे वीस फूट, भुकटी कोरडी. दोनशे चाळीस, कोरडी. काका खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते आणि एकही बरणी उघडत नव्हते. दोनशे साठ, कोरडी. यंत्र थांबले. भोईरभाऊ वळले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आदर उरला नव्हता. काका रिकाम्या बरण्यांची झाकणे घट्ट करू लागले.

"अजून चाळीस फूट घ्या, भाऊ," मी म्हणाले.

"कशावरनं, मॅडम?"

मी सांगितले, की बेसाल्टच्या दोन थरांच्या सांध्यात पाणी साठलेले असण्याची शक्यता असते. विधान खरे होते. महाराष्ट्रातल्या जवळजवळ कोणत्याही बोअरविषयी ते करता येते. भोईरभाऊंनी माझ्या पदवीचा विचार केला आणि हात वर केला.

काकांनी माझ्याकडे पाहिले नाही. फक्त शेजारच्या पायरीवरच्या बरण्या उचलून त्यांनी मला बसायला जागा केली.

भुकटी आधी गडद झाली, मग तिचा चिखल होऊन आमच्या दोघांच्या कपड्यांवर उडाला. मी पेन पुसले आणि नोंद केली: २८६ फूट.