डोमाजीकाकांच्या समोरची जागा

डोमाजीकाकांना पंगतीत भिंतीकडे तोंड करून बसवायचं, हा आमच्या कोंढा गावातल्या प्रत्येक लग्नाचा पहिला नियम होता. मुहूर्त हुकला तर चालायचं. हा नियम हुकला की वधूपित्याची कढई उताणी पडायची.

तुम्हाला वाटेल, काका फार खायचे म्हणून. खायचे, त्यात वादच नाही. लाखनीच्या एका लग्नात त्यांच्या पत्रावळीवरचा भात आंबागडच्या किल्ल्यावरून दिसत होता, आणि वरणाचा लोंढा अडवायला शेजारच्या दोघांनी भाताचे बांध घातले, हे मी स्वतः पाहिलंय. निदान ज्यानं पाहिलं, त्याला तरी पाहिलंय. पण यजमानांची खरी भीती वेगळीच होती. काकांना जेवताना जो पाही, त्याला भूक लागे. ते भाताचा गोळा असा लाडानं वळत, मिरची अशी कडकन तोडत, डोळे मिटून असं काही हुंकारत, की समोरचा रागावलेला असो, रुसलेला असो, की आधीच जेवून आलेला असो, दुप्पट जेवून उठे. एकट्या काकांचं पोट भरणं यजमानाला परवडे; समोरच्या अख्ख्या रांगेचं परवडत नसे. एकदा काका बांधावर बैलासमोर शिदोरी सोडून बसले, तर बैलानं तणस संपवून दावं खायला घेतलं.

काकाही हट्टी. भिंतीकडे बसवलं की ते पत्रावळीवर हात आडवा धरत आणि विचारत, "समोर कोन हाये?"

"जेवा ना काका, कोन कायले पाह्यजे?"

"मंग का भितीसंग जेवू?"

समोर माणूस बसल्याशिवाय पहिला घास उचलायचा नाही म्हणजे नाही. वाढपी खोळंबत, पंगत खोळंबे, शेवटी यजमान कपाळाला हात लावून कोणाला तरी आणून बसवी. एका लग्नात कोणीच मोकळं नव्हतं, तर नवरदेवालाच बसवलं. तो इतका जेवला, की वरातीत घोड्यानं त्याला पाठीवर घ्यायला नकार दिला. हल्ली लग्नात लोक ताट हातात धरून, एकमेकांच्या पाठी पाहत उभ्यानं खातात. काका असते तर उपाशी परतले असते.

तर त्या काळात, ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं, माझ्या थोरल्या भावाला, मनोहरदादाला, टीबी झाला. दुसऱ्यांदा झाला. पहिल्या खेपेला सुया घेऊन जरा बरं वाटलं, तशी धानाच्या रोवणीच्या धांदलीत त्यानं औषध सोडून दिलं. रोग आत दडून बसला आणि बाहेर आला तो त्या औषधाला पुरता सरावून. जुन्या सुया आता त्याला डास चावल्याएवढ्याही लागेनात. मग नागपूरच्या डॉक्टरांनी नव्या, जबर गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी जंतू मेले की नाही हे कोणाला दिसलं नाही. दादाची भूक मात्र पहिल्याच आठवड्यात मेली. भाताची वाफ नाकाशी आली की त्याला मळमळे.

डॉक्टरांनी वहिनीला बजावलं होतं, "गोळ्या माझ्याकडे आहेत, पण लढायचं बळ तुमच्या चुलीवर आहे. याचं वजन असंच उतरत गेलं, तर याच्यापुढचं औषध माझ्याकडे नाही."

वहिनीनं मग काय नाही केलं? तळ्यातले झिंगे, लाखोळीच्या डाळीचं वरण, अंडी, भेदरांची म्हणजे टमाट्यांची आंबट चटणी. दादा ताट बघायचा आणि भिंतीकडे तोंड फिरवायचा. त्याचं ताट वेगळं होतं. गोठ्याजवळच्या सपरीत, म्हणजे मागच्या पडवीत, त्याला एकट्याला वाढून वहिनीनं निघून यायचं. तेव्हा रीतच तशी होती.

त्याचं ते भिंतीकडे तोंड बघूनच मला काका आठवले. मी तसाच त्यांच्याकडे गेलो. काका अंगणात दोर वळत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"कोठं जेवते थो?"

"मागं. गोठ्याजवळ."

"समोर कोन बसते?"

"कोणी नाही."

काकांनी दोर खाली ठेवला. "मंग भूक कोठून येईन, बाबू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात हजर. एका हातात स्वतःचं ताट, दुसऱ्या हातात तांदळाची टोपली. फुकट जेवायला आलो नाही, हे त्यांनी वहिनीला आधी सांगितलं. डॉक्टरांनीच रोग्याला उजेडात, वाऱ्यात बसवा म्हटलेलं, त्यामुळे अंगणात जांबाच्या झाडाखाली दोन पाट मांडले गेले, मध्ये बैलगाडी निघेल एवढं अंतर सोडून. शेजारीपाजारी कुडावरून डोकावू लागले. टीबीवाल्यासमोर कोणी जेवायला बसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दादा नुसता बघत राहिला. काका झिंग्यांची एकेक तारीफ करत जेवत होते: हा पोहणारा होता, हा आळशी होता, याचं लग्न ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी दादा हसला. हसता हसता खोकला, पण हसला. मग एके दिवशी काका घास अर्ध्यात थांबवून म्हणाले, "मनोहर, तू माये घास मोजून राहिला का रे? पोटात दुखन मले. एक तरी घे, म्हंजे नजर उतरन."

दादानं एक घास घेतला. तो पोटात राहिला. दाराआड वहिनीनं पदर तोंडाला लावला.

तेव्हापासून सौदाच ठरला. दादानं एक घास घ्यायचा, काकांनी चार. काका घामाघूम होईपर्यंत जेवत, पट्टा सैल करत, उठून झाडाला एक फेरी मारत आणि पुन्हा बसत. अधूनमधून आम्ही दादाला धानाच्या गिरणीत नेऊन काट्यावर बसवत असू. एका पारड्यात दादा, दुसऱ्यात धानाचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं. आधी कट्टा जमिनीवर आणि दादा वर हवेत झुलायचा. भाताची कापणी झाली, उन्हाळा आला, आणि एक दिवस दादाचे पाय जमिनीला टेकले. गिरणीवाल्यानं काटा बिघडला म्हणून दोनदा तपासला. पुढं नागपूरच्या डॉक्टरांनीही थुंकी तपासली, जंतू नाहीत म्हणाले, गोळ्या मात्र पूर्ण घ्यायला लावल्या.

दादा आपणहून वाढून घ्यायला लागला, तसे काका यायचे बंद झाले. न सांगता. पोळ्याला वहिनीनं करंज्या केल्या आणि पहिला डबा त्यांच्याकडे पाठवला. मी घेऊन गेलो. सरळ स्वयंपाकघरात शिरलो आणि थबकलो. चुलीत, राखेवर, एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिचा तोरा असा, की जणू ही चूल तिच्यासाठीच बांधलेली. मागच्या दाराशी काका मूठभर मुरमुरे खात होते.

"काका, घरी रांधत नाही तुम्ही?"

"समोर कोन हाये?" ते म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "तुयी काकू याच बिमारीनं गेली. सुया लागू नाही झाल्या तिले. जेवन जात नव्हतं. मी समोर बसून चार घास खाल्ले का थे एक खाये. तिनं अजून एक खावं म्हून मी अजून चार. तवापासून हे पोट असं झालं, बाबू. नाही त मी का एवढा खानारा होतो?"

कोंबडी आतून ओरडली. काकांनी चार मुरमुरे तिला टाकले.

घरी येऊन मी दादाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं वहिनीकडून दोघांचं जेवण बांधून घेतलं, स्वतःचं ताट काखेत मारलं आणि निघाला. वर्षभरात पहिल्यांदा गावातून एकटा चालत गेला. मी मागोमाग.

काकांच्या अंगणात दादानं दोन्ही ताटं वाढली आणि समोर मांडी घालून बसला. काकांनी हात आडवा धरला नाही. दादा भराभर जेवत होता, मागून घेत होता. त्याला कोणी चार घास खाऊन दाखवायची गरज नव्हती.

मी आजवर पुष्कळ फुगवून सांगितलंय, पण हे जसंच्या तसं घ्या. त्या दिवशी डोमाजीकाका तुमच्याआमच्याएवढंच जेवले, आणि पोट भरलं म्हणून हात धुतला.