झाकणाच्या आतली खूण

भिंगारच्या बाजारात तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या शांतवनरावांचा एक दावा होता. जुनं घड्याळ नुसतं हातात द्या, त्यातलं मूळचं काय आणि मागून घुसडलेलं काय, ते चहा निवायच्या आत सांगतो! मग स्वतःच्या मनगटावरचं स्विस घड्याळ पुढे करून म्हणायचे, "अस्सल बघायचं आसंल तर हे बघा. चावीपासून काट्यापर्यंत!"

ही विद्या ते न मागता वाटत. चर्चच्या पाळकांचं घड्याळसुद्धा त्यांनी उपासना सुटल्या सुटल्या, भर अंगणात नकली ठरवलं होतं. म्हणूनच लेकीची, शॅरनची सोयरीक जुळवायला केडगावला निघताना एलिझाबेथबाईंनी नवऱ्याला रिक्षातच बजावलं, "पोरीला पोरगा आवडलाय. तिथं कुनाच्या मनगटाकडं बघायचं न्हाई!"

"मी काय येडा हाय का?" असं म्हणत शांतवनरावांनी खिशातलं भिंग रुमालाखाली सारलं.

पण घड्याळच चालून आलं, त्याला ते तरी काय करणार! पोहे झाले, शॅरन आणि सॅम एकमेकांकडे बघून लाजले, आणि सॅमचे वडील जस्टिनराव आतून एक डबी घेऊन आले. आत शांतवनरावांच्या मनगटावर होतं तसंच, त्याच कंपनीचं घड्याळ!

"आमच्या अप्पांचं. साखरपुड्याला सॅमच्या हातात घालनार. एक स्क्रूसुद्धा बदललेला न्हाई!"

एलिझाबेथबाईंनी डोळे मिटले. शॅरननं वडिलांचा पाय दाबला. शांतवनराव तब्बल अर्धं मिनिट गप्प बसले. एवढा संयम त्यांनी आयुष्यात पाळला नव्हता.

"डायल रंगवलेली हाय," ते अखेर म्हणाले. "आकडे बघा, शाई फुटल्यावानी. चावी दुसऱ्याच घड्याळाची. आन् हा मिनिटकाटा! मिनिटाच्या रेघांपर्यंत पोचतच न्हाई."

जस्टिनरावांचा चेहरा पडला. "म्हंजे अप्पांना कुनी फसवलं?"

"दिवसाढवळ्या! पन चोर सापडंल. दुरुस्ती केली की कारागीर झाकनाच्या आत आपली निशानी कोरतोच. सुरी आना."

"पप्पा, राहू द्या ना!" शॅरन कळवळून म्हणाली. पण झाकण टचकन उघडलंसुद्धा. शांतवनरावांनी भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच काढून खिशात टाकलं.

"काय लिव्हलंय?" जस्टिनरावांनी विचारलं.

"पुसट... लई पुसट हाय."

सॅमनं मोबाईलवर फोटो काढला, मोठा केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "शांतवन, भिंगार, सत्त्याऐंशी."

शॅरन रडायच्या बेतात. पोरीचं लग्न मोडलं, आणि तेही आपल्याच अक्षरात, असं शांतवनरावांच्या मनात आलं.

"त्या टायमाला पार्ट मिळत न्हवते," ते पुटपुटले. "हुतं ते बसवलं. पन चालतं करून दिलं मी."

जस्टिनरावांनी घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ ऐकत राहिले आणि एकाएकी हसत सुटले. "आमचे अप्पा शेवटपर्यंत सांगायचे, भिंगारच्या एका पोरानं माझं मेलेलं घड्याळ उठवलं! ते पोरगं तुमीच व्हय, व्याहीबुवा?"

व्याहीबुवा! एलिझाबेथबाईंनी पदरानं डोळे टिपले. शॅरननं वडिलांच्या पायावरचा पाय काढला.

"फक्त एक सांगा," जस्टिनराव म्हणाले, "अप्पांचा मूळचा काटा गेला कुठं?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू शांतवनरावांच्या मनगटाकडे वळल्या. त्यांनी सावकाश शर्टाची बाही खाली ओढली.

शॅरन सासरी गेली, त्याच दिवशी तो काटाही केडगावला गेला. त्याचं मात्र ते माहेर होतं.