दलदल राखिल्याची आणि शंभराव्या पक्ष्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि पहाटे चारास उठून चिखलांत बसणाऱ्या समस्त दुर्बीणधारी मंडळीस दंडवत. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, माघ शुद्ध द्वादशी, भानुवासर, ते दिवशींचें वर्तमान आम्हीं उभयतां सरदारांचे तोंडून ऐकिलें तैसें लिहितों. तिखटमीठ लाविलें असेल तर चवीपुरतें.

एक राज्य होतें, आणि तेथें नगराबाहेर तळें, आणि तळ्याचे पूर्वेस दलदल, आणि त्या दलदलीवर कित्येकांची नजर गेली जे भराव घालून मंगल कार्यालय उठवावें. मग पक्षीवेडी मंडळी बहुत श्रमी होऊन तिलोकशेठ नामें सावकार होते त्यांजकडे गेली. शेठजी उदार, परंतु हौशी. बोलिले, "नुसती देणगी काय मागता? शर्यत लावा. एका पथकानं एका दिवसात शंभर जातींचे पक्षी पाहिले तर दलदल विकत घेऊन पक्ष्यांसाठी राखतो. नव्याण्णव झाले तर चहा पाजतो." आणि नियम ऐसा केला जे, एकट्यानें पाहिलेला पक्षी गणूं नये, एकाच पथकाच्या दोघांनीं पाहून एकच नांव सांगावें, तरच वहींत चढवावा. कारण ही मंडळी एरवीं सत्यवचनी, परंतु दुर्बीण डोळ्यास लागली म्हणजे त्यांस जें पाहिजे तेंच दिसतें.

पथकें दोन. एकाचे सरदार दाजीसाहेब मोकाशी, पाटबंधारे खात्यांतून निवृत्त; दुसऱ्याच्या कर्णिकबाई, शाळेंत जीवशास्त्र शिकवीत. पूर्वीं उभयतां एकाच पथकांत होतीं. परंतु सात वर्षांमागें माळावरून एक मातकट तिरचिमणी उडाली, आणि दाजीसाहेब म्हणाले ही इथलीच, आणि बाई म्हणाल्या ही परदेशची पाहुणी, आणि तिरचिमणी गेली ती गेलीच, आणि उभयतांचें बोलणेंही गेलें.

असो. शर्यतीचे दिवशीं सांज होतां दाजीसाहेबांचे नव्याण्णव, बाईंचे अठ्ठ्याण्णव. सूर्यास्तास गणना बंद होणार, आणि दाजीसाहेबांचे दोघे शिलेदार मिसळ खावयास गेले ते फोन घेईनात. इतक्यांत लव्हाळ्यांतून रंगीत पाणलाव्याची मादी बाहेर आली. दिवसभर कोणास न दिसलेला पक्षी! दाजीसाहेबांनीं दुर्बीण रोखिली. साक्षीस कोणी मिळतो काय म्हणून पाहती तों वीस पावलांवर कर्णिकबाई एकट्याच, आणि त्यांची दुर्बीण त्याच पक्ष्यावर.

पथक बदलण्यास सूर्यास्तापर्यंत मुभा होती, परंतु सरदार गेला तर त्याच्या पथकाची गणना बाद. दाजीसाहेब सात वर्षांनीं प्रथम बोलिले, "बाई, आमच्या पथकात या."

"माझे अठ्ठ्याण्णव बाद होतील. मंडळी मला फितूर म्हणतील."

"म्हणू द्या हो! भराव पडला तर पुढच्या वर्षी काय डंपर मोजायचे?"

बाई दुर्बीण न हलवितां बोलिल्या, "आधी त्या तिरचिमणीचं बोला. सूर्य बुडतोय."

दाजीसाहेबांनीं दांत आवळिले, आणि सूर्याकडे पाहिलें, आणि चिखलांत चोच खुपसणाऱ्या त्या पाणलाव्याकडे पाहिलें. मग म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. पाहुणीच होती." हें बोलतां त्यांस जे क्लेश जाहले ते गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसही जाहले नव्हते.

"रंगीत पाणलावा, मादी," बाई बोलिल्या. "माझं नाव तुमच्या पथकात घाला आणि शंभर लिहा."

मग बंधाऱ्यावर चहा घेतां बाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगू, दाजीसाहेब? त्या दिवशी दुर्बिणीवर दंव होतं. मला नुसती शेपटी दिसली होती."

दाजीसाहेबांनीं कप खालीं ठेविला. "मला तीही नाही," ऐसें बोलिले.

सारांश, शेठजींनीं शब्द पाळिला आणि दलदल वांचली. चषकासह तसबिरींत मिसळ खाणारे दोघे पुढें उभे राहिले. आम्ही बाईंच्या पथकाचे. फितुरीचा राग धरून महिनाभर रुसलों. मग एके सकाळीं दलदलीवर गेलों, तों पाणलाव्याचा नर चार पिलें मागें घेऊन चिखलांतून चालला होता. तेथूनच बाईंस फोन लाविला आणि आधीं क्षमा मागितली.