पोच मिळाली

संवाद हा सुखी संसाराचा पाया असतो, असे पाया न पाहता घर घेतलेले लोक सांगतात. प्रत्यक्षात संसार 'हं'वर उभा असतो.

बाई बोलते तेव्हा आधी कारण सांगते, मग कारणाचा इतिहास, मग त्यात कोणता नातेवाईक कसा वागला, आणि शेवटी काम. पुरुषाचे लक्ष इतिहासापर्यंत टिकते. (काहींचे कारणापर्यंतच. ते घरात शांत स्वभावाचे म्हणून ओळखले जातात.) पुढच्या मजकुराची पोच म्हणून तो 'हं' देतो. पोच म्हणजे मंजुरी नव्हे, हे कचेरीची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बायका मात्र पोच मिळाली की काम झाले असे धरतात.

वसईजवळच्या पाचूबंदरचे गॉडफ्रे नाखवा हे या पद्धतीचे आदर्श पालनकर्ते. ते जाळे सांधत असताना पत्नी ज्युलिएटने त्यांना सांगितले, की शनिवारी अर्नाळ्याची माणसे आपल्या रिचेलला मागणी घालायला येताहेत, बाप घरात नसला तर अपमान समजून परत जातील, तेव्हा बोट काढू नको. दुर्दैवाने सुरुवात आतेबहिणीच्या लग्नातल्या रुसव्यापासून झाली होती. गॉडफ्रे 'हं' म्हणाले. पोरीचे लग्न त्या 'हं'वर टांगले गेले.

शनिवारी पहाटे ते नेहमीप्रमाणे समुद्रात गेले.

मोबाईल लागेना. ज्युलिएट तडक मच्छीमार संस्थेच्या कचेरीत गेली आणि तिने वायरलेस हातात घेतला. वायरलेसवर आधी बोटीचे नाव घ्यायचा नियम आहे. ती एवढेच बोलली:

"मी तुला काय सांगितलेलं?"

हे सगळ्या बोटींनी ऐकले. खरखरीत आवाज ओळखू येईना, सूर मात्र प्रत्येकाच्या ओळखीचा होता. आपल्याला काय सांगितले होते ते एकाही नाखव्याला आठवेना. काहीतरी सांगितले होते, याबद्दल कोणाला शंका नव्हती. सगळा ताफा धक्क्याला परतला. बर्फ तसाच, मासळी नाही. घरोघरी पुरुष दारात अदबीने उभे राहिले. कोणाला गॅस आणायचा होता, कोणाला भाच्याच्या बाप्तिस्म्याला जायचे होते. त्यांतल्या मर्विन नावाच्या एका नाखव्याला खरोखरच काही सांगितलेले नव्हते. त्याच्या बायकोला भलताच संशय आला.

पाहुणे आले तेव्हा गॉडफ्रे घरात होते, अंगाला मासळीचा वास होता, पण होते. पाहुण्यांतच एक माणूस कमी होता. मुलाची आई सारखी दाराकडे पाहत होती. थोड्या वेळाने मुलाचे वडील एडवर्ड धापा टाकत आले. तेही समुद्रावर होते, त्यांनीही वायरलेस ऐकला होता, आणि घराला कुलूप पाहून शेजारणीला विचारले होते. आता कोणी कोणाचा अपमान करायचा, हा प्रश्नच उरला नाही. दोन्ही बाप शेजारी बसले आणि एकमेकांना 'हं' म्हणू लागले.

रिचेलने मुलाला, डेरिकला, एकच गोष्ट सांगितली: लग्नानंतरही ती वसईतली नोकरी सोडणार नाही.

"हं," डेरिक म्हणाला.

"काय बोलले मी?"

त्याने शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला. तिने आईकडे पाहून मान डोलावली. लग्न ठरले. चांगला मुलगा हातचा गेला, असे दोन्ही बापांना वाटले.

वाचकहो, तुम्ही हे वाचत असताना आतून कोणीतरी काहीतरी सांगितले आहे. तुम्ही 'हं' म्हणालात, ते इथवर ऐकू आले.