रंगखात्याचं निरोगी रक्त

रंगखात्यातल्या प्रत्येकाने बोट टोचून रक्त द्यायचं, असा हुकूम सकाळी आला आणि कमलाकरपंतांनी तो दोनदा वाचला. सोलापुरातल्या एका गिरणीत ते रंगखात्याचे हेडक्लार्क होते. आवाज असा, की कामगार लांबूनच विडी विझवत. पण पंत सुईला घाबरत, आणि हे फक्त पंतांना ठाऊक होतं.

हुकूम गिरणीच्या डॉक्टर वेणीमाधवांचा होता. काही रंग अंगात भिनून रक्त बिघडवतात, असं त्यांनी वाचलं होतं. रक्ताचे थेंब पाण्यात घालून उजेडासमोर धरायचे आणि पितळी नळीतून पाहायचं. इंद्रधनुष्य दिसतं, त्यात काळे पट्टे दिसतात, आणि रक्त बिघडलेलं असलं की पट्ट्यांची जागा बदलते. ही नळी त्यांनी थेट जर्मनीहून मागवली होती. रक्त काढायला मात्र ते स्वतः आले नाहीत. पाणी भरलेल्या काचेच्या नळ्या आणि एक सुई त्यांनी पंतांकडे धाडून दिली.

"थेंबभर रक्ताला काय भिता रे? मर्द ना तुम्ही?" पंत गरजले. "हे बघा, आधी मी देतो!"

ते कपाटाआड गेले. तिथे लाल रंगाचं पीप होतं. नळीत दोन थेंब पडले, पाणी छान लाल झालं, आणि पंत बोट चोखत बाहेर आले.

मग एकेक जण कपाटाआड जाऊन आला. फक्त रंगवलेलं सूत वाळत घालणाऱ्या सोजरबाईने सगळ्यांदेखत बोटात सुई खुपसली. "वाकळ शिवताना रोजच टोचतीया की," ती म्हणाली.

दोन दिवसांनी डॉक्टर पितळी नळी घेऊन हसतमुखाने खात्यात आले. "अभिनंदन! सगळ्यांचे पट्टे अगदी एकसारखे. उत्तम रक्त! फक्त या बाईंचे वेगळे आहेत. रोग जडलाय. आजपासून यांचं काम बंद."

सोजरबाई मटकन खाली बसली. "बंद? आन् पोरींनी काय खायाचं?" मग ती पंतांकडे वळली. "पंत, तुमचं रगत लई चांगलं निघालं म्हनं. काय खाता तुमी? मला बी सांगा की."

पंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसलं तर हिची चूल विझणार, बोललं तर आपली अब्रू जाणार. त्यांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"डॉक्टर, माझ्या नळीत रक्त नव्हतं. रंग होता."

"पण मग बाकीच्यांचे पट्टे तुमच्याशी जुळले कसे?"

पंतांनी मागे पाहिलं. अख्खं खातं जमिनीकडे बघत होतं. "तुमी पिपात बोट बुडवताना दिसला," कुंडलिक नावाचा कामगार पुटपुटला. "म्हनलं, अशीच रीत असंल."

आता घाम डॉक्टरांना फुटला. पंतांनी विचारलं, "निरोगी रक्त कसं दिसतं, ते पुस्तकात दिलं असेल ना?"

"पुस्तक जर्मन भाषेत आहे. म्हटलं, बहुतेकांचं दिसतं ते निरोगी."

"निदान स्वतःचं तरी पाहायचं!"

डॉक्टरांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "मला सुई सहन होत नाही," ते हळूच म्हणाले. "लोकांना टोचतानासुद्धा मी डोळे मिटतो."

सोजरबाई उठली. तिने सुई चिमणीच्या ज्योतीवर धरली. "आना हितं बोट."

आधी डॉक्टरांनी भिंतीकडे तोंड करून बोट दिलं, मग पंतांनी, मग कुंडलिकने. डॉक्टर पितळी नळीतून बघत राहिले. "सगळ्यांचे बाईंसारखेच आहेत. मी रंगाला शिवतही नाही, तरी माझेसुद्धा," ते शेवटी म्हणाले.

"म्हंजी मी बरी हाय न्हवं?" सोजरबाईने पदराने डोळे टिपले. "मंग उद्या कामावर येऊ का, सायेब?"

डॉक्टर पितळी नळी पुसू लागले.

"येऊ न्हवं?" तिने पुन्हा विचारलं. शरमेने एकाचीही मान वर होईना.